जिनाखाली घालायच्या कापडाविषयी (सवारी आणि शर्यत)

अबलख (धागाकर्ता)

नमस्कार.

घोड्याविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात जात, रंग, चाल आणि भोवरे यांची चर्चा भरपूर असते, जीन, लगाम आणि रिकिबी यांचाही उल्लेख येतो. परंतु जीन आणि घोड्याची पाठ यांच्यामध्ये जे कापड असते त्याविषयी सविस्तर लिहिलेले फारसे आढळत नाही. सवारी शिकायला येणाऱ्या मंडळींना हे कापड केवळ शोभेचे वाटते, नाहीतर जितके जाड तितके चांगले असे वाटते. या दोन्ही समजुतींमुळे घोड्यांच्या पाठी खराब होताना मी पाहत आलो आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर कापड आधीचे आहे आणि जीन नंतरचे. इसवी सनापूर्वी सातव्या शतकातील अश्शूरचा राजा असुरबनिपाल याच्या राजवाड्यातील शिल्पपट्ट पाहिले तर त्यांत घोड्यांच्या पाठीवर कडा सजवलेले कापड स्पष्ट दिसते, पण रिकिबी दिसत नाहीत. सैबेरियातील अल्ताय पर्वतातील पाझिरिक येथे गोठलेल्या जमिनीखाली जी थडगी सापडली, त्यांत मालकाबरोबर पुरलेल्या घोड्यांचे साजही टिकून राहिले होते. दाबलेल्या लोकरीचे म्हणजे नमद्याचे गाशे (घोड्याच्या पाठीवर घालायची कापडे), त्यांवर रंगीत नमदा कापून शिवलेली प्राण्यांच्या झुंजींची चित्रे, आणि जिनाच्या जागी भरलेल्या दोन मऊ गाद्या. या वस्तू सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या असून आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. लाकडी सांगाड्याचे जीन आणि रिकिबी प्रचारात आल्या त्या यानंतर कित्येक शतकांनी.

सांगाड्याचे जीन आल्यावर कापडाचे काम बदलले. स्वाराचे वजन पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पसरवण्याची जबाबदारी जिनाच्या गाद्यांकडे गेली. कापडाकडे उरले ते घाम शोषून घेणे, त्या घामापासून चामड्याचे रक्षण करणे, आणि चामडे व कातडी यांच्यातील घर्षण कमी करणे. अरुंद किंवा रुंद जीन जाड कापड घालून ‘बसवून’ घेता येते ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. आधीच घट्ट होणाऱ्या बुटात जाड मोजा घातल्याने पाय सुखावत नाही, तो आणखी आवळला जातो. अरुंद जिनाखाली दुसरे आणि तिसरे कापड घातल्यावर घोड्याच्या खांद्यांचे नेमके तेच होते.

कापड घालण्याची रीत थोडी तपशिलाने सांगतो, कारण बहुतेक चुका इथेच होतात. आधी पाठीवरून हात फिरवून माती, वाळलेला घाम किंवा गवताची काडी राहिली नाही ना हे पाहावे. कापड जिथे बसायचे त्याच्या वीतभर पुढे, मानेच्या बाजूला ठेवावे आणि मग मागे सरकवावे, म्हणजे केस त्यांच्या नैसर्गिक दिशेने सपाट पडतात. फार मागे गेले तर ते पुढे ओढू नये, उचलून पुन्हा पुढून घालावे. जीन ठेवल्यावर मान आणि पाठ जिथे मिळतात त्या उंचवट्यावर, ज्याला सवारीतले लोक विदर्स म्हणतात, कापड ताणून बसलेले असते. तंग, म्हणजे पोटाखालून जाणारा जिनाचा पट्टा, आवळण्यापूर्वी तिथे बोटे घालून ते कापड जिनाच्या मधल्या पोकळीत वर ओढून घ्यावे, इतके की समोरून पाहिल्यावर कापड आणि कातडी यांच्यामधून उजेड दिसला पाहिजे. हे केले नाही तर स्वार बसताच कापड खाली दबते आणि तासाभराच्या फेरीत त्या हाडावर सतत दाब राहतो.

शर्यतीच्या घोड्यांचे कापड हा वेगळा विषय आहे आणि त्यातली माझी माहिती वरवरची आहे. जाणकारांनी भर घालावी.

माणदेशी

धागा आवडला. आमच्या भागात अजूनही कित्येक जण जिनाखाली घोंगडीची घडी घालतात. लग्नाच्या वरातीचे घोडे बाळगणारेही तेच करतात आणि वरून झगमगीत झूल टाकतात. घोंगडी लोकरीचीच असते, तर मग दुकानातले महाग कापड कशाला घ्यावे, असा प्रश्न मला नेहमी पडतो. आपले मत काय?

अबलख

माणदेशी, लोकर हा गुण मोठाच आहे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही, आणि दाबली गेली तरी पुन्हा फुगते. पॉलिएस्टरच्या मऊ दिसणाऱ्या कापडाला हे जमत नाही, त्याखाली उष्णता कोंडते आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत तर पाठ अक्षरशः शिजते.

घोंगडीच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी पाहाव्यात. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते, आणि विणण्यापूर्वी ताण्याला (उभ्या धाग्यांना) चिंचोक्याची खळ लावलेली असते. नवी घोंगडी त्यामुळे कडक असते. ती तशीच पाठीवर घातली तर केस घासले जातात. वापरून मऊ झालेली, खळ पूर्ण निघून गेलेली घोंगडी चालते. दुसरी गोष्ट घडीची. घडीची दुमड कायम पुढच्या बाजूला, मानेकडे यावी आणि सुट्या कडा मागे राहाव्यात, म्हणजे चालताना घडी उलगडत नाही. मध्ये सुरकुती पडली असेल तर ती हाताने जाणवेलच. जी सुरकुती आपल्या हाताला जाणवते ती साठ-सत्तर किलो वजनाखाली घोड्याला कितीतरी अधिक जाणवते.

रिसालदार

घडीच्या घोंगडीविषयी वर जे लिहिले आहे त्याला लष्करी घोडदळाचा मोठा आधार आहे. ब्रिटिश घोडदळाच्या जिनाखाली आणि अमेरिकी घोडदळाने 1859 मध्ये स्वीकारलेल्या मॅक्लेलन जिनाखाली लोकरीचे कांबळे घडी करूनच घातले जाई. यामागचा विचार फार व्यवहारी होता. मोहिमेवर घोडा आठवड्यागणिक वाळत जातो, पाठीचे स्नायू उतरतात, आणि छावणीत अचूक बसणारे जीन महिन्याभरात सैल होते. प्रत्येक घोड्यासाठी नवे जीन कोठून आणणार? कांबळ्याची घडी बदलून दोनाची चार करता येते, किंवा दोन्ही बाजूंना जाडी ठेवून कण्यावरची जागा मोकळी सोडता येते. रात्री थंडी असेल तर तेच कांबळे उलगडून घोड्यावर टाकता येते.

जिनाखालचे कापड आणि जिनावरचे कापड यांत फरक करावा, अशी माझी विनंती आहे. वरचा गाशा हा मानाचा आणि ओळखीचा असतो. युरोपातल्या हुसार म्हणजे हलक्या घोडदळाच्या पलटणींच्या जिनांवर राजाची अक्षरे भरलेले टोकदार गाशे असत. आपल्याकडे राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाचे घोडे समारंभात सजलेले दिसतात तोही त्याच परंपरेचा भाग आहे. हे दल 1773 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बनारस येथे उभे केले होते. अशा गाशाला पाठीशी काही देणेघेणे नसते. पाठीला लागते ते खालचे कापड, आणि त्यावर कशिदा किंवा टिकल्या कदापि असू नयेत. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांच्या साजाची जी दुकाने लागतात त्यांत फार देखणी कामगिरी पाहायला मिळते. परंतु तिथे झूल म्हणून घेतलेली वस्तू लोक घरी जाऊन जिनाखाली घालतात. साटीनचे अस्तर घामाने निसरडे होते, जीन एका बाजूला कलते, आणि मग ते सावरण्यासाठी तंग अधिक आवळला जातो. घोड्याला दोन्हीकडून त्रास.

महालक्ष्मीचा_स्टँड

शर्यतीविषयी लिहितो. वडिलांच्या वेळेपासून आमच्या घरी मुंबईचा हिवाळी आणि पुण्याचा पावसाळी हंगाम पाहिला जातो. पैसे लावण्यापेक्षा पॅडॉकच्या (शर्यतीपूर्वी घोडे तयार करून फिरवतात त्या जागेच्या) कठड्याशी उभे राहून घोडे पाहण्यात मला अधिक रस आहे, आणि जीन चढवण्याची प्रक्रिया पाहण्याजोगी असते.

शर्यतीचे जीन हे नावापुरतेच जीन असते. पुष्कळ जिने एक किलोच्याही आत भरतात. जॉकी त्यावर बसत नाही, रिकिबींत उभा राहून पुढे झुकलेला असतो; त्यामुळे जिनाच्या गाद्यांनी वजन पसरवण्याचा प्रश्न इथे जवळजवळ नसतो. खरी चिंता असते ती जीन सरकण्याची. म्हणून सर्वांत खाली, थेट पाठीवर, सांबराच्या कातड्यासारखे मऊ चामडे किंवा रबराचा न सरकणारा पातळ थर घालतात. त्यावर फोमची गादी, त्यावर नंबराचे कापड, गरज असल्यास त्यावर वजनाचे कापड, आणि शेवटी जीन. तंग आवळल्यावर जिनावरून आणखी एक पट्टा पोटाभोवती घेतला जातो. ट्रेनर एका बाजूला आणि त्याचा सहायक दुसऱ्या बाजूला उभा राहून हे थर एकामागून एक लावतात. शेवटी काही जण घोड्याचा एक-एक पुढचा पाय उचलून पुढे ओढतात, म्हणजे तंगाखाली चिमटलेली कातडी मोकळी होते.

नंबराचे कापड ओळखीसाठी असते. जॉकीच्या रेशमी कपड्यांचे रंग मालकाचे असतात, पण एकाच मालकाचे दोन घोडे एका शर्यतीत धावू शकतात. तेव्हा टोपीचा रंग बदलतात, आणि अंतिम खात्री कापडावरच्या आकड्याने होते. आपल्याकडे हँडिकॅप शर्यतीत, म्हणजे घोड्याच्या कुवतीनुसार वजन ठरवलेल्या शर्यतीत, सर्वाधिक वजन वाहणाऱ्या घोड्याला एक क्रमांक मिळतो आणि पुढचे क्रमांक उतरत्या वजनाने येतात. सुरुवातीच्या गेटमधली जागा मात्र चिठ्ठीने ठरते. नवे लोक या दोन आकड्यांची गल्लत करतात आणि एक नंबरचा घोडा आतल्या कुंपणाजवळून सुटेल असे धरून चालतात. तसे काही नसते.

आता वजनाच्या कापडाविषयी, कारण मला या सगळ्यात तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रत्येक घोड्याने किती वजन वाहायचे हे ठरलेले असते. शर्यतीपूर्वी जॉकी जीन हातात घेऊन काट्यावर उभा राहतो. त्याचे स्वतःचे वजन आणि जीन मिळून भरणारा आकडा कमी पडला तर फरकाइतक्या शिशाच्या पातळ पट्ट्या एका कापडाच्या खिशांत सरकवतात. हे खिसे दोन्ही बाजूंना सारखे भरावे लागतात, आणि पट्ट्या शक्यतो पुढे, विदर्सच्या मागेच येतील असे पाहतात. शर्यत संपल्यावर जे घडते ते दुर्बिणीतून अवश्य पाहावे. जॉकी उतरतो, स्वतःच्या हाताने तंग सोडतो, जीन आणि कापडे एकत्र उचलून छातीशी धरतो आणि थेट काट्याकडे जातो. वाटेत त्या सामानाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नसतो. वजन कमी भरले तर जिंकलेली शर्यत हातची जाते. शिशाची एक पट्टी खिशातून निसटली तरी परिणाम हाच, म्हणून त्या खिशांची झाकणे बंद करण्याच्या कामात कोणीही हयगय करत नाही.

ब्लूग्रासचा_वारा

मी केंटकीत राहतो. वरच्या प्रतिसादात इथली एक पद्धत जोडतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी कापडाचा रंगच क्रमांकाशी बांधलेला असतो. एकचे कापड लाल, दोनचे पांढरे, तीनचे निळे, चारचे पिवळे, पाचचे हिरवे, सहाचे काळे, सातचे नारिंगी, आठचे गुलाबी, नऊचे फिरोजी आणि दहाचे जांभळे. पुढेही रंग ठरलेले आहेत. एकदा ही यादी अंगवळणी पडली की समोरच्या लांबच्या सरळ पट्ट्यात, जिथे आकडा वाचणे अशक्य असते, तिथेही ‘पिवळा पुढे सरकतोय’ एवढे दिसले तरी पुरते. मालकांच्या रेशमी कपड्यांचे नमुने शेकड्यांनी असतात, ते कोणाच्या लक्षात राहणार? प्रेक्षकाला शर्यत समजावी यासाठी कापडाचा इतका साधा उपयोग दुसरा नसेल, आणि आपल्या क्लबांनीही ही पद्धत घ्यावी असे मला मनापासून वाटते.

मोठ्या शर्यतींत हा नियम बाजूला ठेवतात. ब्रीडर्स कप या मोठ्या शर्यतींच्या मेळ्यात सर्व घोड्यांची कापडे जांभळी असतात. केंटकी डर्बी या इथल्या सर्वांत प्रसिद्ध शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात सकाळी सरावाला येणाऱ्या घोड्यांच्या कापडांवर त्यांची नावे असतात, डर्बीच्या घोड्यांसाठी पिवळ्यावर आणि ओक्स या केवळ माद्यांच्या शर्यतीतल्या घोड्यांसाठी गुलाबीवर. डर्बी जिथे होते त्या चर्चिल डाउन्स मैदानाच्या कुंपणाशी पहाटे उभे राहणाऱ्याला कोणता घोडा कोणता हे विचारावे लागत नाही.

डर्बीत नर घोड्याला 126 पौंड, म्हणजे सुमारे 57 किलो, आणि मादीला 121 पौंड वजन असते. जॉकी पुष्कळदा यापेक्षा बराच हलका असतो, त्यामुळे वर वर्णन केलेले शिसे इथेही येतेच. घोड्याबरोबर हलणाऱ्या माणसाचे वजन आणि निश्चल शिशाचे वजन घोड्याला सारखे जाणवते का, यावर इथल्या ट्रेनरांमध्ये एकमत नाही.

अवांतर होईल, पण शोभेचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. नैऋत्य अमेरिकेतील नवाहो विणकरांच्या जिनाखालच्या लोकरी कापडांत कित्येकदा नक्षी फक्त चार कोपऱ्यांत आणि काठांवर असते. मधला भाग एकरंगी किंवा साध्या पट्ट्यांचा. जीन ठेवल्यावर तेवढेच कोपरे दिसतात. पाठीला लागणारी जागा साधी ठेवून सौंदर्य कडेला नेण्याची ही समज रिसालदार यांच्या मुद्द्याला पूरक आहे.

रानपाखरू

मी माझ्या घोडीसाठी जेलचे पॅड घेतले आहे आणि ती अधिक मोकळी चालते असे मला वाटते. मूळ लेखात जाड कापडाला सरसकट विरोध दिसतो, तो मला पटत नाही.

गोठा_ते_पागा

मी पशुवैद्यक आहे, म्हणून रानपाखरू यांच्या मुद्द्यावर सविस्तर लिहितो.

जीन मुळात योग्य बसत असेल आणि पॅडसाठी थोडी जागा असेल, तर मऊ पॅड दाबाचे टोक थोडे बोथट करते. आपली घोडी मोकळी चालत असेल तर ते शक्य आहे. जीन अरुंद असेल तर त्याच पॅडने दाब वाढतो. म्हणून पॅडसह आणि पॅडशिवाय, दोन्ही वेळा जीन तपासून घ्यावे, एवढाच माझा आग्रह आहे. जेलचा एक दोषही लक्षात ठेवावा. त्यातून घाम आणि उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे ते थेट कातडीवर घालू नये, खाली सुती किंवा लोकरी कापड असावे.

पाठ दुखते हे घोडा सांगत असतो, आपण ते वाचायला हवे. जीन उचलताच खाली पाहा. घामाने भिजलेल्या पाठीवर दोन्ही बाजूंना सारखा ओला ठसा असावा आणि मध्ये कण्यावरची पट्टी कोरडी असावी. भिजलेल्या भागात हाताच्या पंज्याएवढी जागा कोरडी राहिली असेल तर शंका घ्यावी. तिथे एकतर जीन टेकतच नाही, किंवा इतके दाबते की रक्तपुरवठा आणि घर्मग्रंथी मंदावतात. त्या जागेवर बोटांनी हलके दाबून पाहावे. घोडा पाठ खाली घेत असेल, कान मागे टाकत असेल, तर उत्तर मिळाले. तासाभराने तिथे सूज आली, तर ती जागा बरी होईपर्यंत जीन घालू नये, कितीही मऊ कापड हाताशी असले तरी.

पर्यटनस्थळी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घोड्यांच्या विदर्सच्या मागे, दोन्ही बाजूंना, पांढऱ्या केसांचे ठिपके तुम्ही पाहिले असतील. गिऱ्हाइके ते ठिपके जन्मखुणा समजतात. दीर्घकाळ दाब पडून केसांच्या मुळांना इजा झाली की पुढे तिथे रंगहीन केस उगवतात, आणि ते पुन्हा काळे किंवा तांबडे होत नाहीत. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे मोटारींना बंदी असल्याने घोडा हेच कुटुंबाचे उत्पन्न आहे, तिथल्या घोडेवाल्यांना दोष देऊन प्रश्न सुटत नाही. प्रत्येक घोड्यासाठी वेगळी दोन सुती कापडे आणि ती रोज वाळवण्याची सोय, इतकी मदत झाली तरी पाठीचे निम्मे विकार माझ्याकडे येणार नाहीत, असे माझा अनुभव सांगतो.

‘वेगळी’ या शब्दावर मुद्दाम भर देत आहे. घोड्यांना होणारे गजकर्ण बुरशीने होते आणि ते कापड, तंग व खरारा (घोडा घासण्याचे साधन) यांच्यावाटे एकाकडून दुसऱ्याकडे जाते. शर्यतीच्या तबेल्यांत तरुण घोडे शेजारी शेजारी असतात, त्यामुळे तिथे ते झपाट्याने पसरते. आधी तंगाखाली आणि जिनाच्या कडेला गोल चट्टे दिसतात. अशा वेळी एका घोड्याचे कापड दुसऱ्यावर घालणे पूर्ण थांबवावे. माणसालाही ही बुरशी लागते, म्हणून खरारा करणाऱ्याने हात धुण्यात कसूर करू नये.

रानपाखरू

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. उद्या जीन पॅडशिवाय ठेवून तपासते. आणखी एक विचारायचे होते. नमद्याचे कापड धुवावे कसे? यंत्रात टाकले तर ते आकसते असे ऐकले आहे.

अबलख

गोठा_ते_पागा यांचा प्रतिसाद इतका उपयुक्त आहे की संपादकांनी तो मूळ लेखाला जोडावा, अशी विनंती करतो. महालक्ष्मीचा_स्टँड आणि ब्लूग्रासचा_वारा यांच्यामुळे शर्यतीची बाजूही पूर्ण झाली.

रानपाखरू, आपण ऐकले ते खरे आहे. नमदा मुळात गरम पाणी, साबण आणि दाब यांनीच घट्ट होतो, त्यामुळे यंत्रातल्या गरम पाण्यात तो आणखी आकसून कडक होतो. रोजच्या वापरात त्याला धुण्याची गरजही नसते. फेरीनंतर घामाची बाजू वर करून सावलीत वाळवावा आणि पूर्ण वाळल्यावर राठ ब्रशने मीठ व केस झाडून काढावेत. महिन्या-दोन महिन्यांनी थंड पाण्यात अगदी थोडा सौम्य साबण घालून हाताने दाबून धुवावा, पिळू नये, सपाट पसरून वाळवावा. साबणाचा अंश राहू देऊ नये. पाण्याला फेस येणे थांबेपर्यंत खळबळावा, कारण राहिलेला साबण घामात विरघळला की कातडीवर पुरळ उठते. सुती कापडाला मात्र रोज पाणी दाखवावे. ते यंत्रात टाकायला हरकत नाही, फक्त कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव्य वापरू नये. त्याने सुताची घाम शोषण्याची क्षमता कमी होते.